टेबलाकडे बघून हात वर

माझ्या स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरायच्या आधी, मी भर मांडवात उजवा हात सरळ वर करून उभा होतो. नवस नव्हता, कुळाचार नव्हता. माझा फाउल झाला होता.

फाउल दिला होता वेंकोबअण्णांनी. वेंकोबअण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, इंदूचे, सगळ्यांत थोरले चुलतभाऊ. यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात. घरात मराठी बोलतात, पण रागावले की कानडी, आणि फारच रागावले की गप्प. अण्णा राजाजीनगरच्या एका कॉलेजात खेळाचे मास्तर होते आणि लग्नाचं कार्यालय नेमकं कॉलेजच्या मैदानाला लागून होतं. आमचं पुण्याचं वऱ्हाड. रस्ता विचारणं आमच्या स्वभावात नाही. मी सगळ्यांच्या पुढे होऊन, बुटांसकट, बास्केटबॉलच्या कोर्टावरून सरळ चालत आलो. त्या दिवशी पहाटे अण्णांनी कोर्टावर ताज्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. पांढरे बूट घालून बोहल्यावर चढलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच नवरदेव.

अण्णांनी जिभेखाली बोट घालून अशी शिट्टी मारली की सनईवाला थांबला. "फाउल! हात वर कर. टेबलाकडे बघ."

टेबल म्हणजे आहेराचं टेबल. मी तिकडे बघून हात वर केला. माझे वडील अजून सांगतात की मुलीकडच्यांची काही पद्धत असेल असं समजून मागून त्यांनीही केला.

पुढे कळलं की बास्केटबॉलमध्ये ज्याच्या हातून फाउल होतो त्यानं हात वर करून, नोंद ठेवणाऱ्यांच्या टेबलाकडे बघून तो कबूल करायचा अशी रीत होती. अण्णांचं म्हणणं, सगळा खेळ त्या एका हातात आहे. "टोपलीत चेंडू कोणीपण टाकतो रे. हात वर करायला छाती लागते." पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. हाच नियम अण्णांनी नातेवाइकांनाही लावला होता. पाच झालेल्या माणसाशी ते बोलत नसत. म्हैसूरचे एक मावसे एकोणीसशे ऐंशीपासून बाहेर होते. माझे लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत चार झाले. पुढची चौदा वर्षं मी त्या घरात भरलेला पेला घेऊन चालल्यासारखा वावरलो.

घर होतं अण्णांचं आणि त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीचं, गोदाक्कांचं. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. त्या घराचे कायदे बास्केटबॉलचेच. स्वयंपाकघरात ओट्यापुढे तीन सेकंदांच्या वर उभं राहायचं नाही. हातात कॉफी घेऊन खोलीभर फिरलात की, चेंडू न आपटता धावल्यासारखं, "ट्रॅव्हलिंग!" आणि कॉफी जप्त. वादात एकदा "व्हिसल झाली" म्हटलं की विषय संपला, मग समोर कलेक्टर का असेना. जावयाला अहोजाहो करायची रीत त्यांनी पहिल्याच दिवशी मोडली. मला ते 'पुणेकर' म्हणत, आणि तेही एखाद्या किरकोळ आजाराचं नाव घ्यावं तसं.

पण हाच माणूस, मी नोकरी बदलून बंगळुरात आलो आणि पहिल्याच महिन्यात परत जायच्या गोष्टी करू लागलो, तेव्हा मला अंगणात घेऊन गेला. "पिव्हट ठाऊक आहे? एक पाय रोवायचा. तो हलवायचा नाही. दुसऱ्यानं पाहिजे तितकं फीर, पुण्याला फीर, मुंबईला फीर. सरी?" मी "सरी" म्हणालो. मी बंगळुरात बोललेला हा पहिला कानडी शब्द. एक पाय अजून तिथंच आहे.

अण्णांची नजर ही एक दैवी गोष्ट होती. माणूस फाटकातून आत येईपर्यंत ते त्याची उंची सांगत, आणि अर्ध्या इंचाचाही फरक पडत नसे. मला पहिल्यांदा पाहून ते म्हणाले होते, "पाच सहा. रिबाउंडला उपयोग नाही." खुर्चीत बसल्या बसल्या, न बघता, ते कागदाचा बोळा मागच्या खिडकीतून अंगणातल्या बादलीत टाकत. मी कारखान्यात तपासणी विभागात होतो, माझं आयुष्य मोजमापात गेलेलं. पण त्या बोळ्याची वाट मी दरवेळी आ वासून बघत राही.

आणखी एक खोड होती. कोणीही भेटलं की ते हात मिळवायचे आणि सोडायचे नाहीत. एक, दोन, तीन इतका वेळ पंजा आपल्या पंजात धरून ठेवायचे. सामन्याआधी दोन्ही संघांतल्या एकूण एक खेळाडूचा. आमची सगळ्यांची समजूत, ते पंजा मोजतात. नजरेनं उंची, हातानं पंजा. इंदू म्हणायची, "अण्णांनी मनात आणलं असतं तर नुसत्या हातमोज्यांवर श्रीमंत झाले असते."

दर वर्षी दसऱ्यानंतरच्या सोमवारी अण्णांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होई. बाहेरगावचे बारा संघ यायचे, हुबळी, मंगळूर, मद्रास, हैदराबाद, आणि हो, पुणे. त्या पहाटे अण्णा मैदानावर एकटे जात. बरोबर एक सुती दोरी, तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या, आणि फक्कीचा डबा. प्रिन्सिपॉल किती वर्षं सिमेंटचं कोर्ट करून देतो म्हणत होते, पण अण्णा तयार नव्हते. "रंगाची रेघ एकदा मारली की माणूस तिच्याकडे बघत नाही. फक्कीची दर वर्षी नव्यानं मारावी लागते." मी एकदाच लपून पाहिलं होतं. दोरी ताणायची, खाली वाकायचं, आणि मागे मागे सरकत जायचं. रेघ त्यांच्या बोटांतून निघाल्यासारखी उमटत जाई. शेवटी मधलं वर्तुळ. ते पुरं झालं तेव्हा मी नकळत हात जोडले होते. कोणाला, ते मलाही सांगता यायचं नाही.

त्या स्पर्धेत माझंही काम असे. टेबलावर बसायचं आणि फाउल झाला की त्या आकड्याची फळी वर धरायची. एक ते पाच आकडे रंगवलेल्या, हातभर दांड्याच्या पाच लाकडी फळ्या होत्या. आयुधपूजेला बंगळूर मोटारींना आणि यंत्रांना हार घालतं. अण्णा शिट्टीला, चेंडूला, दोरीला आणि या पाच फळ्यांना कुंकू लावत. मी फळी धरली की ते मैदानाच्या मधून ओरडत, "पुणेकर, कोपर वाकतंय!" इंजिनियरिंगची पदवी, पंधरा माणसं हाताखाली, आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत कठीण जबाबदारी म्हणजे कोपर सरळ ठेवणं.

अठ्ठावीस वर्षांत ती स्पर्धा कधी चुकली नव्हती की एका दिवसानं हलली नव्हती. एकदा रात्रभर पाऊस पडून कोर्टाचं तळं झालं, तर अण्णांनी लाकडाच्या वखारीतून गाडीभर भुसा आणून पसरला आणि दुपारी खेळ सुरू केला. चौऱ्याण्णव सालची स्पर्धा एकोणतिसावी, आणि अण्णांची शेवटची. ऑक्टोबरच्या अखेरीस ते अठ्ठावन्न पुरे होऊन निवृत्त व्हायचे होते. त्यानंतर मैदान दुसऱ्याचं.

आणि नेमकी सप्टेंबरात सुरतेहून प्लेगची बातमी आली.

आठ दिवसांत बंगळूर बदललं. बसमध्ये माणसं तोंडाला रुमाल बांधून बसू लागली. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालं. गोदाक्का लिंबं घेऊन प्लेगम्माच्या देवळात जाऊ लागल्या. मागच्या शतकातल्या साथीत लोकांनी घाबरून स्थापलेली ही देवी, इतकी वर्षं बिचारी निवांत होती. माझ्या कारखान्यात कोणी शिंकलं की यंत्रं बंद पडत. शाळा-कॉलेजांच्या सहली, संमेलनं बंद झाली. सगळ्यांना एकच प्रश्न पडला: अण्णांना सांगणार कोण?

सांगायला मी गेलो. अण्णांना नव्हे, प्रिन्सिपॉलना. इथं माझ्या मुत्सद्देगिरीबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे, कारण ती मी आयुष्यात एकदाच वापरली. मी म्हणालो, "सर, यंदा स्पर्धा रद्द झाली तर अण्णांची शेवटची स्पर्धा झालीच नाही असं होईल. रद्द करू नका. पुढे ढकला, पण ऑक्टोबर संपायच्या आत." ते भले गृहस्थ लगेच कबूल झाले. मी घरी येऊन इंदूला सांगितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्या रात्री उंची वाढल्यासारखा झोपलो. पाच सातपर्यंत तरी.

बैठक झाली. प्रिन्सिपॉल, दोन प्राध्यापक, अण्णा, आणि टेबलाचा माणूस म्हणून मी. प्रिन्सिपॉल म्हणाले, "वेंकोबराव, रद्द करायला माझं मन होत नाही. दहा दिवस पुढे नेऊ या. तोवर साथीचं कळेल. तुम्ही असतानाच होईल."

मी अण्णांकडे बघितलं. ते खुलतील असं वाटलं होतं.

"दहा?" अण्णांनी विचारलं.

"दहा. संघांना कळवून ठेवू की तयारीत राहा."

अण्णा बराच वेळ शिट्टीच्या दोरीला पीळ देत बसले. मग म्हणाले, "बेडा सर. पुढे ढकलायची नाही. करायची तर सोमवारी करा, नाहीतर रद्द करा."

"सोमवारी कशी करणार?"

"मग रद्द."

"अहो, पण तुमची शेवटची..."

"व्हिसल झाली," अण्णा म्हणाले आणि उठले.

मला काही कळेना. रद्द! ज्यानं भुसा पसरून तळ्यावर सामने घेतले तो माणूस! दुसऱ्या दिवशी बारा संघांना तारा करायला मीच माझ्या स्कूटरवरून त्यांना तार ऑफिसात घेऊन गेलो. ते तिकडे पत्ते बघून घेत होते, मी इकडे फॉर्म भरत होतो. आणि इथं माझ्या मुत्सद्देगिरीनं पुन्हा डोकं वर काढलं. मी विचार केला, म्हातारा रागानं बोलला असेल. उद्या पस्तावेल. आपण 'पोस्टपोन्ड' लिहू. सही करताना तेही बघून न बघितल्यासारखं करतील, आणि मनातून आपल्याला दुवा देतील. बाराच्या बारा फॉर्मांवर मी ठळक अक्षरांत तो शब्द लिहिला.

अण्णांनी पहिला फॉर्म वाचला. दुसरा वाचला. बाराही वाचले. मग एकेक करून शांतपणे फाडले. आवाज अजिबात न चढवता त्यांनी माझ्यापुढे हात धरला, पाची बोटं पसरून.

"पाच," म्हणाले. "तू बाहेर, पुणेकर."

नवे बारा फॉर्म त्यांनी स्वतः भरले. मी दाराशी उभा राहून बघत होतो. दर फॉर्मवर तो शब्द लिहिताना त्यांचं पेन थोडं अडत होतं. बारा वेळा अडलं. मग ते बसनं घरी गेले.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. कारण प्लेग बंगळुरात आलाच नाही. दसऱ्यापर्यंत रुमाल खिशात गेले, टेट्रासायक्लिन परत फळ्यांवर आलं, प्लेगम्मा पुन्हा निवांत झाली. तेव्हा लोकांची तोंडं सुटली. "अण्णा उगाच घाबरला." "दहा दिवस थांबला असता तर काय गेलं असतं?" "शेवटी शेवटी सगळेच ढिले पडतात हो." एक प्राध्यापक तर मला भर बाजारात म्हणाले, "तुमच्या अण्णांनी स्वतःच्याच टोपलीत गोल केला." खरं सांगायचं तर मी त्यांच्याबरोबर हसलो. बाहेर काढलेल्या माणसाला थोडं हसू येतंच.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे ज्या दिवशी स्पर्धा सुरू व्हायची त्याच दिवशी सकाळी, इंदूनं माझ्या हातात डबा दिला. "अण्णांना आवडते म्हणून डाळीची कोसंबरी केली आहे. देऊन या."

"मी बाहेर आहे."

"डबा बाहेर नाही," ती म्हणाली.

गोदाक्कांनी दार उघडलं. "अय्यो, तो कुठला घरात! पहाटेच गेला, दोरी घेऊन. मी विचारलं, एनु रे, कोण येणार आहे? तर बोलला नाही."

मी मैदानावर गेलो, आणि कुंपणाशीच थबकलो.

सगळं कोर्ट रेखलेलं होतं. कडेच्या रेघा, फ्री थ्रोची रेघ, मधलं वर्तुळ. कोवळ्या उन्हात ती पांढरी फक्की नुकत्याच काढलेल्या रांगोळीसारखी दिसत होती, आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. टेबल मांडलेलं होतं. त्यावर पाच फळ्या ओळीनं, आयुधपूजेचं कुंकू अजून तसंच. आणि पलीकडच्या बाकावर, हातात शिट्टी घेऊन, अण्णा एकटे. मी आयुष्यात मोठाली देवळं पाहिली आहेत. इतकी चाहूल न लागू देता उभं राहावंसं मला कुठंच वाटलं नाही.

मी रेघेच्या बाहेरून, बूट काढून, वळसा घेऊन गेलो. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "डबा ठेव. तिथंच बाहेर बस."

मी गवतात बसलो. ते बोलायला लागले, माझ्याशी की कोर्टाशी, सांगणं कठीण.

"सत्तावन्न साली तापाची साथ आली होती. फ्लू. मी कॉलेजात कॅप्टन होतो. आमची मोठी स्पर्धा होती. ती पुढे ढकलली. दहा दिवस."

अण्णांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

"रद्द झाली असती तर पोरं घरी गेली असती. अंथरुणात पडली असती. ढकलली म्हणून रोज सरावाला यायची. जागा जाईल म्हणून यायची. नंजुंड म्हणून एक होता. सहा फूट एक. असा उडायचा की खाली यायला विसरायचा. तो ताप लपवून येत होता."

"कोणाला कळलं नाही?"

अण्णांनी आपला उजवा पंजा उघडला आणि त्यात बघत राहिले.

"मला कळलं. सातव्या दिवशी. टोपलीत चेंडू टाकून आला आणि माझ्या हातावर हात मारला. तवा होता नुसता. मी धरून ठेवला. एक, दोन, तीन. त्यानं मान हलवली, सांगू नकोस म्हणून." त्यांनी मूठ मिटली. "मी सांगितलं नाही. तीन दिवसांवर सामना होता. तो नसता तर आम्ही हरलो असतो."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सामन्याच्या दिवशी नंजुंड नव्हता, आणि नंतरही नव्हता, एवढं माझं मला कळलं. आणि आणखी एक कळलं. अठ्ठावीस वर्षं, बारा-बारा संघ, प्रत्येक पोराचा पंजा हातात धरून हा माणूस काय मोजत होता ते. मी स्वतःला तपासणी विभागाचा माणूस म्हणवतो.

"अण्णा," मी म्हणालो, "लोक काहीही बोलतात. तुम्ही सांगून का नाही टाकत?"

"काय सांगू? प्लेग आलाच नाही. लोक बरोबर बोलतात." मग ते उठले. "पुणेकर, टेबलावर जाऊन बस."

"मी बाहेर आहे ना?"

"खेळाडू बाहेर जातो. टेबलाला फाउल नसतात. जा."

मी जाऊन बसलो. अण्णांनी चपला काढल्या. अनवाणी, एकही रेघ न मोडता, ते मधल्या वर्तुळापर्यंत चालत गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो माणूस ताठ उभा राहिला, चेहरा टेबलाकडे केला, आणि उजवा हात सरळ वर केला.

मैदानात कोणी नव्हतं. दूर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. हात तसाच वर होता. किती वेळ, ठाऊक नाही. मग सोळा वर्षं जे काम केलं होतं तेवढंच मला येत होतं, ते मी केलं. ओळीतली पहिली फळी उचलली, एक आकड्याची, आणि वर धरली.

अण्णांनी ती पाहिली. नीट पाहिली. मान हलवली.

"कोपर," ते तिथून म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी कोपर सरळ केलं. मग त्यांनी हात खाली घेतला.